कारंज्यातला समुद्र

प्रिय मुक्ता आणि ओम,

तुम्ही तिकडे पर्थला खाऱ्या पाण्याची टाकी मांडताय आणि तिच्यासाठी ‘आजीची पद्धत’ हवी आहे, असं तुमच्या आईने कळवलं. पद्धत मी वेगळ्या कागदावर लिहिली आहे. क्रमांक घातलेत, मापं दिलीत, कोणत्या दिवशी काय तपासायचं त्याचा तक्ताही आहे. तो कागद टाकीशेजारी भिंतीला चिकटवा. त्या कागदात जे बसलं नाही, ते इथे लिहिते आहे.

ओम, तुझा शाळेचा प्रकल्प मिळाला. ‘माझी आजी आणि तिचा समुद्र.’ चित्रं सुरेख काढली आहेस. तिसऱ्या पानावर मात्र एक वाक्य आहे, त्याचा मराठी अर्थ असा: काचवाल्या युसुफने आजीच्या पहिल्या समुद्रात विष घातलं. हे वाक्य तू माझ्याकडूनच ऐकलंस. व्हिडिओ कॉलवर मी ते हसत हसत चार-पाच वेळा सांगितलं असेल. ते खोटं आहे, आणि सांगताना मला ते माहीत होतं.

आपल्या या कारंजा गावात बोललेलं कारंज्यातच राहील, असं मी धरून चालले होते. आता ते रंगीत कागदावर, एका माणसाच्या नावासकट, तुमच्या वर्गाच्या भिंतीवर लागलं आहे. म्हणून आता लिहायलाच हवं.

मी कारंज्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. शाळा-कॉलेज नागपूरला इंग्रजीतून झालं आणि लग्नानंतर इकडे आले. प्रवाळ हा विषय मी जवळजवळ तीस वर्षं शिकवला आणि त्या तीस वर्षांत जिवंत प्रवाळ एकदाही पाहिला नाही. प्रयोगशाळेच्या कपाटात एक पांढरा, खडबडीत सांगाडा होता. तो मी दर वर्षी बाहेर काढायची, मुलांच्या हातून फिरवायची आणि पुसून परत ठेवायची. माझी मुलं कामरगाव, इंझोरी, आसेगावकडून जीपने आणि एसटीने येत. त्यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. ‘प्रवाळ हा प्राणी आहे’ असं मी फळ्यावर लिहायची आणि ती वहीत उतरवून घ्यायची. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे मला कळायचं. खरं सांगायचं तर माझाही पुरता बसला नव्हता.

निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिली तेव्हा मी प्राचार्यांकडून परवानगी काढली, प्रयोगशाळेत एक लहानशी प्रवाळाची टाकी मांडायची म्हणून. सगळे म्हणाले, लहानच करताय ना, मग सोपं आहे. उलट आहे. मोठ्या टाकीत चूक झाली तर ती भरपूर पाण्यात विरून जाते. लहान टाकीत चूक आणि तिची शिक्षा यांच्यात फार वेळ जात नाही.

टाकी युसुफभाईंनी केली. बसस्टँडजवळ त्यांचं काचेचं दुकान. खिडक्यांच्या काचा, आरसे, देवादिकांच्या आणि लग्नाच्या फोटोंच्या चौकटी. माप सांगितलं तेव्हा त्यांनी पेन्सिल कानावर ठेवून विचारलं,

“मॅडम, पेटी तं बनवून देतो. पण आपल्या कारंज्यात मिठाचं पाणी करून कोन्ती मासोळी पाळून राह्यल्या तुमी?”

“समुद्रातली.”

“मंग ते समुद्रातच बरी नाही काय?”

मी हसले. काचा जोडायला सिलिकॉन लागतं, दाट डिंकासारखं. न्हाणीघरासाठी मिळतं त्यात बुरशी मारायचं औषध असतं आणि ते जलचरांना घातक. म्हणून मी नागपूरहून मत्स्यटाकीसाठीच्या सिलिकॉनची नळी मागवून त्यांच्या हातात दिली आणि दोनदा बजावलं. त्यांनी नळी उलटीपालटी करून पाहिली. “समजलं मॅडम. जहर नोको, हेच ना?” टाकी झाल्यावर म्हणाले, “आठ दिवस हात लावू नोका. मी सांगन तवाच न्या.” आठवडाभर ती दुकानात उपडी होती आणि येणारा जाणारा विचारत होता. ते प्रत्येकाला सांगत, “मॅडमचा समुद्र हाय, सुकून राह्यला.”

त्या टाकीमुळे त्यांना आणखी तीन-चार जणांनी साध्या मासळीच्या टाक्या सांगितल्या. दुकानाबाहेर त्यांनी एक नमुन्याची टाकी मांडली, आत प्लॅस्टिकचं झाड. हे लक्षात ठेवा.

आता टाकी ‘बसवणं’ म्हणजे काय ते सांगते. शुद्ध पाण्यात समुद्राचं तयार मीठ ठरल्या मापाने विरघळवायचं. घनता तपासायची. मग समुद्रातून आणलेले, सूक्ष्मजीवांनी भरलेले दगड आत ठेवायचे आणि थांबायचं. दुधाला विरजण लावल्यावर आपण भांडं हलवत बसत नाही, तसं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, तेही विषारी. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते चालण्यासारखं. या दोन्ही जाती दगडांवर नीट वसेपर्यंत टाकीत मासा सोडायचा नाही. मला सहा आठवडे लागले. रोज सकाळी तपासणी, रोज नोंदवहीत आकडा. या कामात माझी बरोबरी करणारं कुणी नव्हतं, हे मी अजूनही म्हणेन.

दगड मुंबईहून ओल्या कागदात गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या गाडीने आले. आमचे प्रयोगशाळा परिचर महादेवराव, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, खोका हातभर लांब धरून घेऊन आले. “मॅडम, गाडीवाला शिव्या देऊन राह्यला. म्हणे रातभर मेल्यावानी वास येत होता.” इंझोरीच्या एका मुलीचे वडील फी भरायला आले होते. ते टाकीपुढे उभे राहिले.

“हा तं दगड हाय.”

“जिवंत आहे,” मी म्हटलं.

त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. “आमच्या वावरात अशे लय हायेत मॅडम. एखांदा जित्ता निंगाला तं तुमच्याकडंच आनून टाकतो.”

हिवाळाभर सगळं उत्तम चाललं. क्लाउनफिश जातीचे दोन केशरी-पांढरे मासे, सहा समुद्री गोगलगायी, एक लाल पट्ट्यांची कोळंबी आणि बटणांसारखे हिरवे-केशरी प्रवाळ. दिवे लागले की बटणं उघडायची. पहिल्यांदा उघडली तेव्हा मी बारावीचा वर्ग बोलावून घेतला आणि एक शब्दही न बोलता त्यांना नुसतं पाहू दिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “हे तं खरंच जनावर हाय बाई.” माझ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला दिवस होता.

मग उन्हाळा आला. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. टाकीवर दोन पंखे, खिडकीत कूलर, वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप, दुपारी गोठवलेल्या बाटल्या पाण्यात तरंगत. पंख्याच्या वाऱ्याने पाणी थंड राहतं, पण उडतंही तेवढंच. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याइतकं गोडं शुद्ध पाणी रोज घालावं लागतं. मला रोज तीन-चार लिटर लागायचं. ते कॉलेजच्या गाळणी यंत्राचं घेत होते. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायला लागलं तसं ते यंत्र बंद झालं आणि मी घरून पाणी आणायला लागले.

आपल्या घरी तसल्याच लहान यंत्राने गाळलेलं पाणी रात्रभर तांब्याच्या गुंडात ठेवायची रीत होती. गुंड म्हणजे पाणी साठवायचं ते गोल पोटाचं मोठं भांडं. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या आईची आजी, तांब्याच्या पाण्याशिवाय पीत नसत. त्या गेल्यावरही मी ती रीत ठेवली. दर सोमवारी चिंच आणि मीठ लावून गुंड घासायची. आपल्या घरचा गुंड आरशासारखा असतो, असं शेजारणी म्हणायच्या. सकाळी त्यातलं पाणी स्वच्छ कॅनमध्ये ओतायचं आणि कॉलेजला न्यायचं. माझ्या मते टाकीला याहून शुद्ध पाणी कारंज्यात कुठलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात गोगलगायी काचेवरून गळून पडल्या आणि उताण्या झाल्या. मग कोळंबी गेली. बटणं मिटली ती उघडली नाहीत. चार दिवसांत ती शेंबडासारखी होऊन पाण्यात सुटायला लागली. मासे मात्र ठणठणीत होते.

मुलांनो, इथे मला थांबायला हवं होतं. मासे जगतात आणि गोगलगायी मरतात, असं कशाने होतं हे मी वर्गात शिकवत होते. मोरचूद, म्हणजे तांब्याचं मीठ. मंगरुळपीरकडचे संत्रावाले दर वर्षी ते चुन्यात कालवून झाडांच्या बुंध्यांना लावतात. मोरचुदाने गोगलगायी मरतात, हा तर परीक्षेत येणारा प्रश्न होता. माझ्याच विद्यार्थ्याने तो सोडवला असता.

नेमक्या त्याच आठवड्यात बाहेरच्या कॉलेजचे पाहुणे टाकी पाहायला आले. प्राचार्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, “काय झालं हो मॅडम?” माझी टाकी, माझी नोंदवही, माझी व्यवस्था. मला काहीतरी उत्तर द्यायचंच होतं. मी म्हटलं, “काचवाल्याने न्हाणीघराचं सिलिकॉन वापरलं.” तोंडातून बाहेर पडेपर्यंत तो अंदाज होता. पडल्यावर माझी खात्रीच झाली.

दुसऱ्या दिवशी मी दोन सहकाऱ्यांना घेऊन दुकानात गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही. वर्गात बोलते तसं स्पष्ट, एकेक शब्द सुटा बोलले.

“युसुफभाई, मी दिलेलं सिलिकॉन पुरलं नाही, म्हणून तुम्ही दुकानातलं लावलंत.”

“नाही मॅडम. एकातच भागलं. अर्धी नळी उरली बी होती.”

“मग दाखवा.”

“आता कुठून दाखवू? वाळून गेली, फेकली.”

“म्हणजे पुरावा नाही.”

“मॅडम, मी कायले असं करीन? तुमी दोन खेपा सांगतलं होतं.”

“माझे सगळे जीव मेले,” मी म्हटलं. “हे तुमच्या हातून झालंय.”

बाकड्यावरचा एक जण हसून म्हणाला, “काय युसुफ, मॅडमच्या समुद्रात जहर कालवलं काय बे?” ते नाव चिकटलं. नमुन्याच्या टाकीपुढे थांबून पोरं ‘जहरवाली पेटी’ म्हणायला लागली. सांगितलेल्या टाक्या लोकांनी रद्द केल्या. कॉलेजच्या नव्या इमारतीच्या खिडक्यांचं काम जवळजवळ त्यांचंच ठरलेलं होतं, ते वाशिमच्या माणसाला गेलं. प्राचार्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, “माझा अनुभव चांगला नाही.”

मी नागपूरहून तयार टाकी आणली. मीठ नवं, दगड नवे. मासे तेवढे वेगळ्या बादलीत सांभाळले होते. पुन्हा सहा आठवडे. पाणी घरूनच. कॉलेजचं यंत्र तोवर सुरू झालं होतं, पण माझं पाणी जास्त चांगलं, अशी माझी समजूत. गोगलगायी सोडल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या उताण्या.

नागपूरच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, पाण्याला कुठे तांबं तर लागत नाही ना? एखादा पाइप, मोटर?” मी म्हटलं, “छे, आमच्याकडे काहीच तांब्याचं नाही.” फोन ठेवला. सोमवार होता. ओट्यावर गुंड आडवा पडला होता आणि माझ्या हाताला चिंच लागलेली होती.

तांबं तपासायची बाटली मागवली. गुंडातल्या पाण्याचा रंग थेंब पडताच बदलला. मी पाच वेळा तपासलं. गाळून गाळून निखळ केलेलं पाणी तांबं जास्तच ओढून घेतं आणि चिंचेने ताज्या घासलेल्या भांड्यातून तर विशेष. ओम, तुझ्या प्रकल्पात विष घालणारी व्यक्ती हवी असेल, तर ती ही.

त्या संध्याकाळी बसस्टँडपर्यंत चालत जायला मला दहा मिनिटं लागली असती. मी गेले नाही. नोंदवही उघडली आणि सुवाच्य अक्षरात एक ओळ लिहिली: ‘आजपासून पाण्याचा स्रोत बदलला.’ त्या ओळीत खोटं काही नाही. ती वही कुणीही तपासली असती तरी मला पूर्ण गुण मिळाले असते. लोक विचारायचे, दुसरी टाकी कशी टिकली? मी म्हणायची, “काच चांगली मिळाली.” पुढे टाकीचं नाव झालं, वाशिमहून शाळांच्या सहली यायच्या. निवृत्त झाल्यावर कॉलेजने टाकी मला भेट दिली आणि ती घरी आणली. इतकी वर्षं मी बसस्टँडला जाताना दवाखान्याच्या बाजूने, लांबच्या रस्त्याने जात होते. तुमच्या आईला वाटायचं, मला तेवढंच चालणं होतं.

तुझा प्रकल्प आला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी सरळ रस्त्याने गेले.

युसुफभाईंची दाढी पांढरी झाली आहे. त्यांनी मला ओळखलं, स्टूल पुढे केलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी सगळं सांगितलं: गुंड, चिंच, तपासणी, वहीतली ओळ. सांगताना माझं मराठी अडखळत होतं. ते काचेवरची धूळ फडक्याने पुसत ऐकत होते. मग त्यांचा हात थांबला.

“म्हंजे माह्या हातून नोयतं झालं?”

“नाही.”

“मले तं वाटलं, असनच. तुमी शिकलेल्या बाई. तुमी सांगता म्हंजे माह्याच हाताले कायतरी लागलं असन, तेलगिल. लय इचार केला मी त्याचा.” मग म्हणाले, “नातीनं मासोळीची पेटी मांगतली होती. मी नाही देल्ली बनवून. म्हटलं, मरतीन आन् पोरगी रडन.”

मी माफी मागितली. ते एकदम ताठ उभे राहिले.

“आता काहून सांगून राह्यल्या मॅडम? कोनी नाही हे पाहूनच आल्या ना? त्या दिशी तं गिऱ्हाइकाईच्या समोर बोलल्या होत्या.”

मी म्हटलं, “मग मी बसते.” आणि बसले. पाऊण तासाने एक बाई आरसा न्यायला आल्या, सोबत त्यांचा दीर. मी उभी राहिले, माझं नाव सांगितलं, कॉलेजचं सांगितलं आणि त्यांच्यासमोर म्हटलं की युसुफभाईंनी केलेल्या टाकीत दोष नव्हता, जीव माझ्या पाण्याने मेले आणि मी खोटा आळ घेतला. बाई गोंधळून म्हणाल्या, “कोन्ती टाकी?” दीर म्हणाला, “वहिनी, चाला, जीप निंघून जाईन.” ते आरसा घेऊन गेले.

कुणाला काही आठवतच नव्हतं. गाव कधीच विसरलं होतं. लक्षात ठेवलं होतं ते फक्त युसुफभाईंनी आणि मी.

ते म्हणाले, “ते पेटी कुठं हाय? मले एकदा पाह्यची हाय. पानी भरून पाहीन.”

हे मी वर लिहायचं टाळलं. दुकानात आळ घेऊन आले त्याच दुपारी प्राचार्य म्हणाले होते, कामरगावचा कुणी तरी टाकी मागतोय, साध्या माशांसाठी देऊन टाका. मी म्हटलं, विषारी आहे. महादेवरावांना ती कॉलेजच्या मागच्या अंगणात फोडायला लावली. ते म्हणाले होते, “मॅडम, लय पक्की जोडली हाय, फुटून नाही राह्यली.” मी म्हटलं होतं, अजून मारा.

“फोडली,” मी युसुफभाईंना सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि फडकं पुन्हा उचललं. “या मंग मॅडम,” म्हणाले. त्यांनी मला माफ केलं असं त्यात कुठेही नव्हतं आणि मी तसं समजून घेतलेलं नाही.

ओम, तुझ्या बाईंना सांगून ते वाक्य खोड. त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिही की आजीने तांब्याच्या भांड्यातलं पाणी घातलं आणि दोष युसुफभाईंवर ढकलला. नाव नीट लिही. मुक्ता, ते वाक्य भिंतीवर लागल्यावर त्याचा फोटो काढून मला पाठव. मी तो छापून त्यांना नेऊन देईन. ते घेतील की नाही, माहीत नाही.

सध्या माझ्या टाकीत सहा गोगलगायी आहेत, एक कोळंबी आहे आणि मधल्या दगडावर हिरव्या-केशरी बटणांचा तळहाताएवढा पट्टा आहे. युसुफभाईंनी केलेल्या टाकीतल्या जिवांपैकी दोन क्लाउनफिशमधली मादी तेवढी उरली आहे. तिला आता एका डोळ्याने दिसत नाही, पण सकाळी दिवा लावला की खायला वर येते.

तुमची,
आजी